निघण्यापूर्वी टेक्सासचा पत्ता घ्यावा का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पती-पत्नी दोघेही अमेरिकी नागरिक असून गेली चौदा वर्षे सॅन होजेत राहत आहात. मुलगी नववीत आहे. कोथरूडला एकट्या राहणाऱ्या आईसाठी येत्या जुलैत सर्वांनी पुण्याला जायचे ठरले आहे आणि मुक्काम तीन-चार वर्षांचा असेल. पत्नीला तिची कंपनी पुण्याच्या कार्यालयात दोन वर्षांच्या करारावर पाठवत आहे. आपण नोकरी सोडून त्याच जुन्या कंपनीचे काम सल्लागार म्हणून पुण्याहून करणार आहात. घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे आहे. डॅलसजवळ राहणाऱ्या आपल्या चुलतभावाने सुचवले आहे की निघण्याआधी आठवडाभर त्याच्याकडे येऊन त्याच्या पत्त्यावर टेक्सासचे ड्रायव्हिंग लायसन्स काढावे, म्हणजे राज्याचा प्राप्तिकर नसलेल्या टेक्सासचे अधिवासी ठरून कॅलिफोर्नियाचा प्राप्तिकर सुटेल. हे बरोबर आहे का, असे आपण विचारले आहे.

चुलतभावाची चिंता रास्त आहे, उपाय मात्र चुकीचा आहे, आणि आपल्या बाबतीत तो अनावश्यकही आहे. कॅलिफोर्नियाच्या करातून बाहेर पडण्याचा आपला खरा आधार टेक्सासमध्ये नसून पत्नीच्या करारपत्रात आहे. शिवाय ज्या गोष्टीबद्दल आपण विचारलेले नाही ती, म्हणजे सल्लागारीचा बेत, या सगळ्यात सर्वांत महाग पडण्याची शक्यता आहे. मी वीसहून अधिक वर्षे बे एरियात विवरणपत्रे भरण्याचे काम करते आणि परतणाऱ्या मराठी कुटुंबांची प्रकरणे दर उन्हाळ्यात माझ्याकडे येतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

चिंता रास्त का, ते आधी पाहू. अमेरिकेचे केंद्र सरकार आपल्या नागरिकांवर जगभरातील उत्पन्नाचा कर लावते, पण परदेशी राहणाऱ्यांना दोन मोठ्या सवलती देते. एक म्हणजे परदेशात कमावलेल्या उत्पन्नाची वजावट, जी २०२५ साठी प्रत्येकी १ लाख ३० हजार डॉलरपर्यंत आहे आणि जिच्यासाठी बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर असणे किंवा परदेशात खरोखरचे वास्तव्य असणे लागते. दुसरी म्हणजे परदेशात भरलेल्या कराचे श्रेय. भारतात पगारावर चांगलाच कर लागत असल्यामुळे या दुसऱ्या सवलतीनेच बहुतेकांचे केंद्रीय देणे शून्यावर येते. कॅलिफोर्निया यांपैकी काहीही मानत नाही. तिथे परदेशी उत्पन्नाची वजावट नाही, भारतात भरलेल्या कराचे श्रेय नाही, आणि १९८९ चा भारत-अमेरिका करविषयक करारही उपयोगाचा नाही, कारण अमेरिकेच्या बाजूने त्या करारात फक्त केंद्रीय कर येतो, राज्यांचे कर येत नाहीत. त्यामुळे पुण्यात बसलेला माणूस कॅलिफोर्नियाच्या दृष्टीने रहिवासी राहिला, तर पुण्याच्या पगारावर भारताचा कर भरून वर कॅलिफोर्नियाचाही पूर्ण कर भरतो. सर्वोच्च दर १३.३ टक्के असला तरी तो दहा लाख डॉलरच्या वरचा आहे. आपल्यासारख्या दोन पगारांच्या घराला ९.३ टक्क्यांचा टप्पा सहज लागतो. एनआरई ठेवीचे, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या रुपयांतील ठेवीचे, व्याज भारतात करमुक्त म्हणून जे लोक निश्चिंत असतात, त्यांनाही ते व्याज इथे दाखवावे लागते.

आता मूळ गैरसमजाकडे येते. आपण महाराष्ट्रात वाढलो, त्यामुळे ‘डोमिसाइल’ म्हटले की डोळ्यांसमोर तहसील कार्यालयाचा शिक्का असलेला दाखला येतो: पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे जोडायचे, सेतू केंद्रात अर्ज द्यायचा, दाखला हाती आला की आपण महाराष्ट्राचे अधिवासी. अमेरिकेत असा दाखला देणारे कार्यालयच नाही. इथे अधिवास ही कागदाने मिळणारी गोष्ट नसून आचरणावरून काढला जाणारा निष्कर्ष आहे, आणि तो निष्कर्ष बहुधा काही वर्षांनी, आपल्याला न ओळखणारा एखादा अधिकारी आपली कागदपत्रे चाळून काढतो. लायसन्स, मतदार नोंदणी, फ्लोरिडात न्यायालयाच्या क्लार्ककडे नोंदवता येणारे अधिवासाचे प्रतिज्ञापत्र हे सगळे पुरावे आहेत, पण नुसते पुरावेच. त्यांतल्या एकानेही अधिवास बदलत नाही.

नियम सांगायला सोपा आहे. प्रत्येकाला एका वेळी एकच अधिवास असतो, आणि नवा मिळेपर्यंत जुना सुटत नाही. नवा मिळण्यासाठी जुने ठिकाण कायमचे सोडलेले असावे लागते, नव्या ठिकाणी प्रत्यक्ष येऊन राहावे लागते, आणि तिथेच राहायचा, निदान दुसरीकडे गेलो तरी तिथेच परतायचा, इरादा असावा लागतो. आपण चुलतभावाकडे आठवडाभर राहिलात तर प्रत्यक्ष येण्याची अट कशीबशी पूर्ण होईल. इराद्याचे काय? आपण स्वतःच लिहिले आहे की चार वर्षांनी सॅन होजेच्या त्याच घरात परतायचे आहे. घर कॅलिफोर्नियात, मुलीच्या कॉलेजचा विचार कॅलिफोर्नियात, पत्नीची नोकरी कॅलिफोर्नियातील कंपनीची, आणि टेक्सासमध्ये फक्त एक प्लास्टिकचे कार्ड. जिथे आपण राहत नाही तो पत्ता आपला निवासी पत्ता म्हणून सरकारी अर्जावर लिहून सही करणे हे खोटे निवेदन ठरते, हा मुद्दा वेगळाच. त्यात चुलतभावालाही ओढले जाते.

फ्रँचाइज टॅक्स बोर्ड, म्हणजे कॅलिफोर्नियाचे कर खाते, अशी प्रकरणे किती चिकाटीने लढते याचे उदाहरण गिल्बर्ट हायट यांचे आहे. मायक्रोप्रोसेसरच्या पेटंटमुळे प्रसिद्ध झालेले हे संशोधक १९९१ मध्ये कॅलिफोर्निया सोडून लास व्हेगासला गेले आणि त्यानंतर त्यांना पेटंटचे मोठे उत्पन्न मिळाले. ते म्हणत की आपण १९९१ च्या शरद ऋतूत गेलो. खात्याचे म्हणणे होते की ते खरे गेले १९९२ च्या एप्रिलमध्ये. वाद जेमतेम सहा महिन्यांचा होता. त्यातून निघालेला खटला २००३, २०१६ आणि २०१९ असा तीनदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि रहिवासाच्या मुद्द्यावर हायट यांच्या बाजूने निर्णय लागायला २०१७ उजाडले. लक्षात घ्या, हायट यांनी नेवाडात खरोखरच बिऱ्हाड केले होते. त्याहून जुने एक प्रकरण कॅम्पबेल सूप कंपनीच्या जॉन डोरन्स यांचे. ते १९३० मध्ये वारले तेव्हा न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या दोन्ही राज्यांनी ते आपलेच अधिवासी होते असे ठरवून वारसा कर वसूल केला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मध्ये पडण्यास नकार दिला. एका माणसाचा अधिवास एकच असतो हा सिद्धांत खरा असला, तरी दोन राज्यांनी तो एकमताने ठरवलाच पाहिजे असे बंधन त्यात नाही.

याचा अर्थ टेक्सासमार्गे जाणे नेहमीच निरर्थक असते असे नाही. माझ्याकडच्या एका कुटुंबाला ऑस्टिनमध्ये नोकरी मिळाली, त्यांनी सॅन रॅमोनचे घर विकले, ऑस्टिनमध्ये वर्षभराचा भाडेकरार केला, मुले तिथल्या शाळेत घातली, गाड्यांची नोंदणी तिथे केली, दंतवैद्यसुद्धा तिथला धरला, आणि दीड वर्षाने त्यांना हैदराबादला जाण्याची संधी आली. त्यांचा अधिवास निःसंशय टेक्सासचा होता आणि परदेशी जाऊनही तो टेक्सासचाच राहिला. राज्यस्तरीय प्राप्तिकर नसलेल्या राज्याचा अधिवास परदेशी जाताना हाती असणे ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण जुना अधिवास आपल्याला चिकटून राहतो हाच नियम तेव्हा आपल्या बाजूने काम करतो. टेक्सासमध्ये किती महिने राहिले म्हणजे पुरे, असे मला नेहमी विचारले जाते. कायद्यात आकडा नाही. माझ्या मते एक संपूर्ण वर्ष असावे. आणि त्याहून कमी राहून निघणार असाल, तर कॅलिफोर्नियात परतण्यासारखे काहीही मागे ठेवू नये. साउथ डकोटात एका रात्रीच्या मुक्कामाची पावती आणि टपाल सेवेचा पत्ता दाखवून लायसन्स काढता येते, अशी माहिती फिरत असते. ती सोय मोटारघरात फिरत राहणाऱ्या लोकांसाठी आहे. तिने साउथ डकोटाचे समाधान होते, कॅलिफोर्नियाचे होत नाही.

आपल्यासाठी मात्र कायद्याने एक वेगळा दरवाजा ठेवला आहे, आणि त्यासाठी अधिवास बदलावाच लागत नाही. कॅलिफोर्नियात अधिवास आणि कर-रहिवास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अधिवास कॅलिफोर्नियाचा असूनही जो माणूस तात्पुरत्या किंवा जाता-येताच्या कारणासाठी नव्हे तर त्याहून अधिक काळासाठी बाहेर आहे, तो अनिवासी ठरू शकतो. ‘तात्पुरते’ म्हणजे काय यावर वाद होतात म्हणून एक सुरक्षित मर्यादा घालून दिलेली आहे: नोकरीशी संबंधित कराराखाली सलग किमान ५४६ दिवस कॅलिफोर्नियाबाहेर असलेला अधिवासी अनिवासी धरला जातो, आणि तेवढे दिवस त्याच्याबरोबर बाहेर राहणारा जोडीदारही तसाच धरला जातो. पत्नीचा करार दोन वर्षांचा, म्हणजे ७३० दिवसांचा आहे. आपण दोघे या नियमात बसता.

अटी मात्र काटेकोर आहेत. पहिली, करपत्रकाच्या कोणत्याही एका वर्षात कॅलिफोर्नियाला दिलेल्या भेटींची बेरीज ४५ दिवसांच्या वर जाता कामा नये. शेवटच्या आठवड्यात विमान रद्द झाल्याने ही मर्यादा ओलांडलेली मी पाहिली आहे, म्हणून माझ्या अशिलांना मी ३५ हा आकडा देते. आपण जुन्या कंपनीच्या बैठकांसाठी ये-जा करणार असाल तर आपले दिवसही मोजा. नियमाचा लाभ पत्नीच्या करारामुळे मिळत असला तरी आपली सोबत खरी असावी लागते. दुसरी अट, करार चालू असताना कोणत्याही वर्षी व्याज, लाभांश, शेअरविक्रीचा नफा अशा अमूर्त मालमत्तेपासूनचे उत्पन्न २ लाख डॉलरच्या वर गेले तर हे संरक्षण मिळत नाही. सिलिकॉन व्हॅलीतील लोक नेमके इथेच घसरतात: पुण्यात फ्लॅट घ्यायचा म्हणून दहा वर्षे साठलेले कंपनीचे शेअर एकाच वर्षी विकले जातात. इथे मर्यादा नफ्याला आहे, विक्रीच्या रकमेला नाही. तेव्हा नफ्याचा हिशेब आधी करून विक्री वर्षांमध्ये विभागा, किंवा निघण्यापूर्वीच, रहिवासी असतानाच उरकून कर भरून मोकळे व्हा. संरक्षण गेले म्हणजे आपण आपोआप रहिवासी ठरता असे नाही, पण मग प्रकरण पुन्हा सर्व परिस्थिती पाहून ठरवण्याच्या मोकळ्या मैदानात येते. तिसरी अट, बाहेर जाण्याचा मुख्य हेतू कर चुकवणे हा नसावा. आपला हेतू आई हाच आहे आणि तो दाखवता येतो. पण निघण्याच्या आठवड्यात काढलेले टेक्सासचे लायसन्स त्याच फाइलमध्ये सापडले, तर उलट शंकेला जागा मिळते. शिवाय ‘आम्ही टेक्सासचे अधिवासी’ आणि ‘आम्ही कॅलिफोर्नियाचे अधिवासी, पण करारामुळे अनिवासी’ या दोन बाजू एकाच वेळी मांडणे मला तरी अवघड वाटते.

म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी पत्नीने मनुष्यबळ विभागाकडून मिळणारे पत्र वाचून पाहावे. त्यात नेमणुकीचे ठिकाण पुणे, सुरुवातीची तारीख आणि कालावधी स्पष्ट असावा. ‘सुमारे दीड वर्ष, कामाच्या गरजेनुसार’ असल्या वाक्यावर मी अवलंबून राहणार नाही. दोन वर्षांनंतर मुक्काम वाढणार असेल, तर करार संपण्याआधीच लेखी मुदतवाढ घ्यावी. तिचा पगार अमेरिकेतूनच चालू राहणार असेल तर कॅलिफोर्नियाची कपात निघण्याच्या तारखेपासून थांबवून घ्यावी, कारण वर्षअखेरीच्या डब्ल्यू-२ पत्रकात राज्याच्या रकान्यात पूर्ण वर्षाचा पगार छापून आला की कर खात्याच्या संगणकाला तोच खरा वाटतो. निघण्यासंबंधी आणखी एक: आपण एकटेच जुलैत गेलात आणि पत्नी व मुलगी शाळेचे वर्ष संपवायला मागे राहिल्या, तर ५४६ दिवसांचे घड्याळ सुरूच होत नाही. आपल्या प्रश्नावरून सर्व जण एकत्र निघत आहात असे दिसते. ते तसेच ठेवा.

आता सल्लागारीचा मुद्दा. पगारदार माणसाचे उत्पन्न तो जिथे बसून काम करतो तिथले मानले जाते. त्यामुळे पुण्यात बसून केलेल्या कामाचा पत्नीचा पगार, ती अनिवासी असताना, कॅलिफोर्नियाच्या उत्पन्नात येत नाही. स्वतंत्र व्यावसायिकाला हा नियम लागत नाही. त्याच्या सेवेचा लाभ ग्राहकाने कुठे घेतला हे पाहिले जाते. २०१९ च्या बिंडली प्रकरणात ॲरिझोनात राहून पटकथा लिहिणाऱ्या एका लेखकाला कॅलिफोर्नियातील कंपन्यांकडून मिळालेल्या मोबदल्यावर कॅलिफोर्नियाचा कर लागतो, असा निर्णय तिथल्या कर अपील कार्यालयाने दिला आणि तो पुढील प्रकरणांसाठी आधारभूत ठरवला. लेखक कॅलिफोर्नियात काम करत नव्हता, तिथे राहतही नव्हता. आपण कोथरूडच्या गॅलरीत बसून सॅन होजेच्या कंपनीला सल्ला देणार, म्हणजे नेमकी तीच स्थिती. टेक्सासचा अधिवास अगदी खरा असता तरी या उत्पन्नाला त्याने काही फरक पडला नसता.

त्यात भारताची बाजू मिळवा. इतकी वर्षे अनिवासी राहून परतल्यामुळे पहिली दोन, क्वचित तीन वर्षे आपण भारतात ‘निवासी पण सामान्यतः निवासी नसलेले’ या वर्गात राहाल आणि त्या काळात अमेरिकेतील व्याज-लाभांशावर भारताचा कर लागणार नाही. पण भारतात बसून चालवलेल्या व्यवसायाच्या उत्पन्नाला ही सवलत नाही. म्हणजे भारताचा कर पहिल्या दिवसापासून. शिवाय अमेरिकेचा स्वयंरोजगार कर १५.३ टक्के, परदेशी उत्पन्नाच्या वजावटीने तो कमी होत नाही, आणि भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे त्यातून सूटही नाही. एकाच रकमेवर भारत, केंद्रीय स्वयंरोजगार कर आणि कॅलिफोर्निया असे तिघे हात पुढे करतात, आणि त्यांतल्या शेवटच्या दोघांना भारतात भरलेल्या कराशी देणेघेणे नाही. यावर माझा सल्ला एकच: जुन्या कंपनीची भारतात शाखा असेल तर तिच्या पगारपत्रकावर जा, मानधन थोडे कमी मिळाले तरी. पुण्यात स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून तिच्यामार्फत बिल पाठवण्याचा मोह होईल. तो मार्ग कधी कधी योग्य असतो, पण परदेशी कंपनीच्या मालकीसाठी दरवर्षी फॉर्म ५४७१ भरावा लागतो आणि तो राहिला तर दंडाची सुरुवातच १० हजार डॉलरपासून होते, म्हणून त्याचा स्वतंत्र हिशेब केल्याशिवाय त्यात पडू नये.

घराबद्दल. कॅलिफोर्नियातील घराचे भाडे हे कॅलिफोर्नियाचेच उत्पन्न आहे आणि आपण कुठेही राहिलात तरी ते तिथे करपात्र राहील. अनिवासी मालकाच्या भाड्यातून व्यवस्थापकाला वर्षाला १,५०० डॉलरच्या वर ७ टक्के कपात करावी लागते. फॉर्म ५८८ भरून त्यातून सूट मागता येते, आणि घसारा वगैरे जाता निव्वळ उत्पन्न थोडेच उरत असेल तर ती मागावीच. घर बाजारभावाने, त्रयस्थ भाडेकरूला, लेखी कराराने द्यावे. एक खोली कुलूप लावून स्वतःसाठी ठेवू नये. आणि जी गोष्ट जवळजवळ प्रत्येक जण विसरतो ती म्हणजे काउंटीकडे नोंदवलेली घरमालकाची सवलत रद्द करणे. ती सवलत करआकारणीच्या मूल्यातून ७ हजार डॉलर कमी करते, म्हणजे वर्षाला जेमतेम सत्तर डॉलरचा फायदा. पण ती चालू असणे म्हणजे ‘हेच माझे मुख्य निवासस्थान आहे’ असे आपण दरवर्षी सांगत राहणे. २००३ च्या ब्रॅग प्रकरणानंतर रहिवास तपासताना जे मुद्दे पाहिले जातात त्यांत ही सवलत आहे. सत्तर डॉलरसाठी ही फट ठेवू नका.

विक्रीचाही विचार आताच करून ठेवा. राहते घर विकताना जोडप्याला ५ लाख डॉलरपर्यंतचा नफा करमुक्त मिळतो, पण विक्रीआधीच्या पाच वर्षांत किमान दोन वर्षे त्यात राहिलेले असावे लागते. पुण्यातला मुक्काम तीन वर्षांच्या पुढे गेला आणि परत न येता घर विकायचे ठरले, तर ही सवलत हातची जाते. सॅन होजेत चौदा वर्षांपूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत ही रक्कम किती मोठी आहे हे मी सांगायला नको. ‘विकायचे नाही’ हा निर्णय दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पुन्हा एकदा तपासून पाहा.

पत्नीचे आरएसयू, म्हणजे कंपनीने आधी देऊ केलेले आणि ठरल्या मुदतीनंतर मिळणारे शेअर, पुण्यात असताना हाती आले, तरी दिल्याच्या तारखेपासून हाती येईपर्यंतच्या काळात तिने जितके दिवस कॅलिफोर्नियात काम केले तेवढ्या प्रमाणात ते उत्पन्न कॅलिफोर्नियाचे राहते. ४०१-के आणि आयआरएची चिंता नको: १९९६ च्या केंद्रीय कायद्याने अनिवासी व्यक्तीच्या निवृत्ती खात्यातून काढलेल्या रकमेवर पूर्वीच्या राज्याला कर लावता येत नाही.

निघाल्याच्या वर्षी आणि त्यानंतर दरवर्षी फॉर्म ५४०-एनआर, म्हणजे कॅलिफोर्नियाचे अनिवासींसाठीचे विवरणपत्र, भरा. त्यावर आणि केंद्रीय विवरणपत्रावरही पुण्याचाच पत्ता लिहा. पहिल्या वर्षी निघण्याच्या तारखेपर्यंत रहिवासी आणि पुढे अनिवासी अशी फोड येते. या फॉर्ममध्ये कराचा दर एकूण उत्पन्नावरून काढला जातो आणि तो फक्त कॅलिफोर्नियाच्या उत्पन्नाला लावला जातो, त्यामुळे पुण्याचा पगार तिथे दिसला म्हणून घाबरून जाऊ नका. विवरणपत्र भरले की खात्याला सामान्यतः चार वर्षांत शंका काढावी लागते. भरलेच नाही तर मुदत कधीच संपत नाही. एका फाइलमध्ये विमानाची तिकिटे, सामान पाठवल्याची पावती, मुलीचा शाळाप्रवेश, करारपत्र, भाडेकरार आणि पासपोर्टवरील शिक्क्यांच्या प्रती ठेवाव्यात, आणि कॅलिफोर्नियातील प्रत्येक भेटीचे दिवस तिथेच लिहून ठेवावेत. परदेशातून मतदान करता येते का, असेही काही जण विचारतात. परदेशस्थ नागरिकांसाठीच्या १९८६ च्या केंद्रीय कायद्याखाली मतदान केल्याने करासाठीचा रहिवास बदलत नाही, असे त्या कायद्यातच लिहिले आहे. मात्र मतपत्रिका केंद्रीय पदांपुरतीच मागवावी.

हे सगळे कॅलिफोर्नियाचे झाले. एडिसन किंवा जर्सी सिटीचे वाचक असतील तर त्यांचा नियम निराळा: न्यू जर्सीचा अधिवासी असूनही ज्याने वर्षभर राज्यात कायमचे घर ठेवले नाही, राज्याबाहेर ठेवले, आणि जो ३० दिवसांपेक्षा अधिक तिथे राहिला नाही, तो अनिवासी धरला जातो. तिन्ही गोष्टी हव्यात. परदेशी कराचे श्रेय न्यू जर्सीतही नाही. न्यूयॉर्कचा नियम ५४८ दिवसांच्या कालखंडात किमान ४५० दिवस परदेशात असण्याचा आहे, आणि त्या कालखंडात जोडीदार व अज्ञान मुलांचे राज्यातील दिवसही मोजले जातात. ग्रीन कार्डधारकांनी एक भेद विसरू नये: राज्याला ‘मी अनिवासी’ म्हणणे ठीक आहे, पण केंद्रीय विवरणपत्रावर अनिवासी म्हणवून घेणे म्हणजे ग्रीन कार्ड स्वतःहून सोडल्याचा पुरावा देणे, आणि वर्षाहून अधिक काळ बाहेर राहायचे असेल तर निघण्यापूर्वीच, अमेरिकेत असतानाच, पुनर्प्रवेशाच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो.

राहता राहिला मुलीच्या कॉलेजचा प्रश्न, जो आपण शेवटच्या ओळीत सहज विचारला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठात राज्यातील विद्यार्थ्यांचे शुल्क मिळण्यासाठी, सत्र सुरू होण्याआधी ठरावीक तारखेपर्यंत ३६६ दिवस राज्यात प्रत्यक्ष वास्तव्य आणि इथेच राहण्याचा इरादा लागतो, आणि अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत आईवडिलांचा रहिवासही पाहिला जातो. एकीकडे कर खात्याला अनिवासी म्हणून कळवून त्याच वर्षासाठी दुसरीकडे विद्यापीठाला रहिवासी म्हणून कळवता येणार नाही. मुलगी आता नववीत आहे, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या शेवटी परतलात तर पहिल्या वर्षाचे शुल्क बाहेरच्या विद्यार्थ्याचे भरावे लागेल. दुसरे वर्ष संपताना, बारावी सुरू होण्याआधी आलात, तर शुल्काचे वर्ष पुरे होते आणि घराच्या सवलतीची मुदतही हाती राहते. चुलतभावाचा पत्ता टपालासाठी जरूर वापरा. बँकेची पत्रे यायला तो उत्तम आहे, फक्त निवासी पत्त्याच्या रकान्यात तो लिहू नका.